बेचाळिसाव्या पानावरची पेन्सिल

मी मिरजेचा आहे असं सांगितलं की समोरचा मराठी माणूस हमखास विचारतो, "मग तुम्ही काय वाजवता?" मी काही वाजवत नाही. आमच्या घरात सतारीच्या भोपळ्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही. वडील दूध डेअरीत होते, मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालो आणि सव्वीस वर्षांपूर्वी बहरीनला आलो. तेव्हापासून दुसऱ्यांनी बांधायच्या इमारतींच्या रेघा मी ओढतो. रेघ सरळ हवी आणि कागद स्वच्छ हवा, याच्यापलीकडे तुम्हाला जगातलं काही कळत नाही, असं बायको म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

मुलगी आठ वर्षांची असताना तिने पियानो शिकायचा हट्ट धरला. आम्ही उम्म अल हस्सममध्ये राहतो. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, वरच्या मजल्यावर एक रशियन बाई पियानो शिकवायच्या. त्यांचे यजमान इथलेच, बहरीनी. तरुणपणी रशियात शिकायला गेले आणि परत येताना डिग्री आणि बायको दोन्ही घेऊन आले. ते वारले, मुलं कॅनडाला गेली, आणि मॅडम पियानो आणि दोन मांजरांसह इथेच राहिल्या. मुलगी त्यांना मिस म्हणे, मी मॅडम. त्या मला इंजिनिअर म्हणत. मी इंजिनिअर नाही, ड्राफ्ट्समन आहे, हे मी तीनदा सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरंही वाटायचं. आमची बोलायची भाषा म्हणजे इंग्रजी आणि तिला अरबीची फोडणी.

दर मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी सीफ भागातून निघायचो आणि मुलीचा तास संपायच्या आधी दहा मिनिटं त्यांच्याकडे पोचायचो. दाराजवळच्या खुर्चीत बसून ते शेवटचं वाजवणं ऐकायचो. ऐकायचो म्हणजे काय, कानावर पडायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी मॅडमनी कपाटातून एक पुठ्ठ्याची पेटी काढली. आत जुन्या, जाड कागदांचा गठ्ठा होता. शाईने लिहिलेलं संगीत, एकूण बेचाळीस पानं. त्यांच्या वडिलांनी पियानोसाठी रचलेलं. वडील एका लहानशा गावात शाळेत गाणं शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव या कागदांवर ओतायचे. त्यांनी हे संगीत राजधानीतल्या मोठ्या लोकांकडे तीनदा पाठवलं आणि तीनदा ते परत आलं. "कुणी त्यांच्या वाईटावर नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "कुणाला वेळ नव्हता, एवढंच." वडील गेले तेव्हा त्यातला एकही सूर त्यांच्या घराबाहेर वाजलेला नव्हता.

मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी होती. लहानपणी ती आईवडिलांबरोबर जनाबियाला परदेशी लोकांच्या एका कंपाउंडमध्ये राहायची. घरचे डच, आता ती हॉलंडमध्ये नाव काढलेली पियानोवादक आहे. तिला हे संगीत पाहायचं होतं. पण कागद पोस्टाने पाठवायचा मॅडमना धीर होत नव्हता आणि मोबाइलवर फोटो काढायचे तर डोळ्यांत मोतीबिंदू. शाईचं काळं त्यांना दिसे, बाकी सगळं धुकं.

"द्या माझ्याकडे," मी म्हणालो. "आमच्या ऑफिसात मोठा स्कॅनर आहे. असं करून देतो की कालच लिहिल्यासारखं दिसेल."

मी खरंच असं म्हणालो होतो.

आता माझ्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही शिकलो तेव्हा ड्रॉइंग आधी पेन्सिलीने काढायचं, तपासून घ्यायचं, मग त्यावर शाई फिरवायची आणि शाई वाळली की पेन्सिल खोडून टाकायची. शाई म्हणजे पक्कं, पेन्सिल म्हणजे कच्चं. पेन्सिल दिसणारं ड्रॉइंग सरांच्या टेबलावर ठेवणं म्हणजे गालाला साबण तसाच ठेवून लग्नाला जाणं. सर ते ड्रॉइंग तुमच्यासमोर फाडायचे. माझं एकदा फाडलं होतं. ते मला आजही आठवतं, आणि तेव्हापासून माझ्या हातून गेलेल्या एकाही शीटवर पेन्सिलीचा ठिपका राहिलेला नाही.

मॅडमच्या वडिलांच्या कागदांवर पेन्सिल बरीच होती. शाईच्या वर, खाली, मधे, सगळीकडे फिकट खुणा, ठिपके, काट मारलेल्या रेघा, रशियन अक्षरं. मी एक पान स्कॅन करून पाहिलं तर मशीनने त्या सगळ्याचा काळा चिखल केला. कुठला ठिपका सूर आणि कुठला डाग, काही कळेना. मला वाटलं, ही शिकवतानाची पेन्सिल असणार. मुलीच्या पुस्तकात मॅडम अशाच खुणा करत आणि धडा पाठ झाला की तिला म्हणत, "यल्ला, खोड आता." मी ते स्कॅन पुसून टाकलं आणि कागद घरी घेऊन आलो.

तीन संध्याकाळी मी जेवायच्या टेबलावर बसून बेचाळीस पानं खोडली. मऊ रबर, वर मऊ ब्रश, कागदाला ओरखडा नाही, शाईला धक्का नाही. असं काम आता कुणाला जमत नाही. मी मनातून खूश होतो.

त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी मी खोडत असताना मुलगी येऊन उभी राहिली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. "बाबा, यू शुड आस्क मिस फर्स्ट," ती म्हणाली.

"तुझा बाप आयुष्यभर हेच करतोय," मी म्हणालो. "मला शिकवू नकोस. जा, अभ्यास कर."

ती गेली. मी जरा तापट आहे, आणि टेबलावर मान घालून बसलेलो असताना तर जास्तच.

स्कॅन झाले, डचकन्येकडे गेले. तिचं उत्तर दोन दिवसांत आलं. इतकी सुबक पानं तिने पाहिली नव्हती म्हणे. मॅडमनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. तिने आधी एका लहान सभागृहात ते संगीत वाजवलं, मग मोठ्या. मग जर्मनीहून बोलावणं आलं. मग रेकॉर्डिंग निघालं, तिकडच्या रेडिओवर लागलं, वर्तमानपत्रांतून लिहून आलं. सगळ्यांना शेवट आवडायचा. शेवटच्या पानावर ते संगीत गर्जत चढत जातं आणि धाडकन थांबतं, आणि लोक उभे राहतात. आयुष्यभर दाबल्या गेलेल्या माणसाची ही ललकारी आहे, असा सगळ्यांचा सूर होता. ज्या माणसाला त्याच्या गावाने ऐकलं नाही त्याच्यासाठी परक्या देशातले लोक तिकीट काढून रांगेत उभे राहत होते.

रेकॉर्डिंगसोबतच्या पुस्तिकेत माझंही नाव छापलं होतं. आभार म्हणून. मी ते पान मिरजेला भावाला पाठवलं आणि खाली लिहिलं, घ्या, मिरजेचं नाव राखलं. भावाने ते अख्ख्या नातेवाईकांत फिरवलं. महिनाभर मी हवेत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

मॅडम मात्र रेकॉर्डिंग आल्यापासून गप्प गप्प होत्या. मला वाटलं, वडिलांची आठवण येत असेल. एका मंगळवारी मी पोचलो तेव्हा तास थांबलेला होता. त्या पियानोकडे पाठ करून बसल्या होत्या आणि मुलीला काहीतरी सांगत होत्या. मी खुर्चीत बसलो.

"वडिलांच्या शेवटच्या हिवाळ्यात," त्या सांगत होत्या, "त्यांच्या हातात टाक धरवत नव्हता. हात कापायचा, शाईचे डाग पडायचे. म्हणून पेन्सिल घेतली. सबंध हिवाळा ते या एकाच रचनेवर बसले होते. सगळीकडे हळू केलं, कमी केलं. शेवटी तर सगळा आवाज काढून टाकला. मला म्हणाले, तरुणपणी मी ओरडून सांगत होतो, आता मला ओरडायचं नाही. शाई तरुण माणसाची आहे. पेन्सिल माझ्या वडिलांची."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत होतो.

"आणि तिने," मॅडमचा आवाज चढला, "तिने ती पेन्सिल पाहिलीच नाही. पाहिली, पण वाजवली नाही. लोकांनी उभं राहावं म्हणून! मी तिला सात वर्षं शिकवलं. इंजिनिअर, बरं झालं तुम्ही आलात. मी सांगते, तुम्ही लिहा."

त्यांना स्क्रीन दिसत नसे, त्यांच्या ईमेल मीच लिहायचो. मी लॅपटॉप उघडला. त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेलो. तू माझ्या वडिलांचं ऐकलं नाहीस, टाळ्यांचं ऐकलंस. मला तुझी लाज वाटते. यापुढे त्यांचं नाव घेऊ नकोस. एकेक अक्षर माझ्या बोटांनी उमटत होतं. तोंड उघडायला चार वेळा तरी जागा होती. "पाठवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पाठवलं." आणि खरंच पाठवलं.

गाडीत मुलगी मागच्या सीटवर जाऊन बसली. एरवी ती पुढे बसते.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "अहो, मग सांगून टाका की," ती म्हणाली, इतक्या सहज की मला तिचाच राग आला. मी म्हणालो, सांगून काय होणार आहे, खोडलेलं परत येणार आहे का? उलट त्यांना धक्का बसेल, वय झालंय. ती म्हणाली, "त्यांच्या वयाचं निमित्त करू नका. तुम्हाला तुमचं नाव खराब व्हायची भीती वाटतीय." मी खुर्ची सारून उठलो. ती खरं बोलली होती, म्हणून उठलो.

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. ऑफिसात एका ड्रॉइंगमध्ये जिन्याच्या पायऱ्या दोनदा चुकल्या. मनाशी सबबी रचत होतो. डच मुलगी तरुण आहे, ती सोसेल. महिन्याभरात मिटेल. कलाकारांची भांडणं अशीच असतात. ज्या मुलीने माझ्या नावाचे आभार छापले तिच्यावर मी माझा गुन्हा ढकलला होता, आणि वर त्या दोघींचं आपोआप मिटेल म्हणून वाट बघत होतो.

पुढच्या मंगळवारी उत्तर आलं. मी पोचलो तेव्हा मॅडमनी मुलीलाच ते वाचायला सांगितलं होतं. मुलगी हळूहळू वाचत होती. तिकडून राग नव्हता, त्यानेच जास्त लागलं. तिने लिहिलं होतं की तिला आलेल्या पानांवर पेन्सिलीची एकही खूण नाही. तिने पुन्हा सगळी पानं मोठी करून पाहिली. असती तर तिने तीच वाजवली असती. मग भीत भीत विचारलं होतं, की ही गोष्ट फार जुनी आहे, मॅडमना दुसऱ्याच कुठल्या कागदांची आठवण तर होत नसेल ना?

मॅडमनी पेटीतून गठ्ठा काढला, एक पान खिडकीपाशी नेलं, डोळ्यांना लावलं, लांब धरलं, परत डोळ्यांना लावलं.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं डोळ्यांमुळे दिसत नाही." पान खाली ठेवलं. "कदाचित नसेलच. मी लहान होते. आई सांगायची त्या गोष्टी, मी सांगते त्या गोष्टी, सगळं एक झालं असेल. कदाचित वडील तसं काही म्हणालेच नसतील."

त्यांचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखा. आता मी गप्प राहिलो असतो तर सगळं मिटलं असतं. डच मुलगी सुटली असती, मी सुटलो असतो, आणि ही बाई उरलेलं आयुष्य स्वतःलाच खोटी समजत राहिली असती. इतकी स्वस्तातली सुटका समोर आली तेव्हा मला स्वतःची किळस आली.

"होती, मॅडम," मी म्हणालो. "पेन्सिल होती. सगळ्या पानांवर होती. मी खोडली."

त्यांनी मान वळवली. "सगळी?"

"सगळी. मला वाटलं कच्चं काम आहे."

"किती वेळ लागला?"

"तीन संध्याकाळी."

"त्यांना एक हिवाळा लागला होता," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. मग लॅपटॉपकडे बोट केलं. "तिला लिहा. तुमच्या नावाने. माझी माफी नंतर मागा, आधी तिची मागा."

मी लिहिलं. माझं इंग्रजी ऑफिसचं, त्यात दिलगिरीचे ठरलेले साचे असतात. त्यातला एकही त्या दिवशी उपयोगाला आला नाही.

घरी आल्यावर मात्र डोकं चालू लागलं. पेन्सिल खोडली तरी कागदावर तिचा दाब राहतो. प्रकाश आडवा टाकला की खोलगट रेघ सावलीने दिसते. आम्ही चोरून बदललेली ड्रॉइंगं अशीच पकडायचो. मी मॅडमकडे गेलो, कागद पुन्हा मागितले. दारातच मागितले, आत जायची हिंमत नव्हती. त्यांनी पेटी छातीशी धरून ठेवली. शेवटी म्हणाल्या, "इथेच बसून करा. माझ्यासमोर."

त्यांच्या पूर्वेच्या खिडकीत हिवाळ्यातलं ऊन सकाळी अगदी आडवं येतं. पाच आठवडे, शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी, मी त्या खिडकीपाशी बसलो. मुलगी शेजारी बसायची. मी पानावर पारदर्शक फिल्म ठेवायचो, सावली दिसेल तशी गिरवायचो. रशियन मला येत नाही, मी नुसते आकार उतरवले. ही अक्षरं, ही सुरांची खूण, हा नुसता चरा, हे मुलगी सांगायची. आता मी तिला विचारूनच हात चालवत होतो. उतरवलेलं ऑफिसात नेऊन दाराएवढ्या कागदावर मोठं छापलं आणि मॅडमच्या भिंतीला लावलं.

त्या भिंतीशी नाक लावून वाचायच्या. "इथे लिहिलंय, हळू. इथे, अजून हळू. इथे, श्वास घे." एकदा हसल्या. "इथे स्वतःलाच शिवी दिलीय." पुढच्या क्षणी रडत होत्या. मी पाठ वळवून रबर शोधत असल्याचं नाटक केलं, आणि आपण काय शोधतोय ते लक्षात आल्यावर हात मागे घेतला.

जसजसे पुढे गेलो तसतशा रेघा पुसट होत गेल्या. माणसाच्या हातातला जोर कमी होत गेला असणार, तो शेवटी पेन्सिल जेमतेम टेकवत असणार. एकेचाळिसाव्या पानावर चार-पाच खुणा मिळाल्या. बेचाळिसाव्यावर काही नाही. तिथेच सगळ्यांत जास्त पेन्सिल होती, म्हणून मी ते पान दोनदा खोडलं होतं. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, चार सकाळी मी त्या पानावर ऊन घेतलं. कागद कोरा गुळगुळीत होता. माझं काम खरोखर चांगलं होतं.

जे मिळालं ते आम्ही हॉलंडला पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं. तिने मला माफ केलं होतं, मॅडमच्या पत्राचा उल्लेखही केला नव्हता. म्हणाली, इथून पुढे मी असंच वाजवीन, आणि जुन्या रेकॉर्डिंगबद्दल सगळ्यांना कळवीन. फक्त शेवटचं पान हवं. ते आता एकाच माणसाकडे आहे. मिसनी ते वडिलांच्या हातून ऐकलंय. त्यांना जेवढं आठवतं तेवढं वाजवून, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा.

मॅडमनी त्या दिवशी केस नीट बांधले, मांजरांना स्वयंपाकघरात कोंडलं आणि पियानोपाशी बसल्या. मुलगी मोबाइल घेऊन बाजूला उभी राहिली. मी दाराजवळच्या माझ्या खुर्चीत होतो. त्यांनी एकेचाळिसावं पान वाजवलं. मला संगीतातलं कळत नाही, पण ते आता ओरडत नव्हतं, एवढं मलाही कळलं. एखादा थकलेला माणूस घरी येऊन चपला काढतोय, तसं काहीतरी होतं. बेचाळिसावं सुरू झालं. दोन-तीन सूर, आणि हात थांबले.

त्यांनी पुन्हा मागून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबल्या. तिसऱ्यांदा डोळे मिटून वाजवलं, आणि या वेळी बोटं पुढे गेली, पण ती शाईच्याच वाटेने गेली, वर, गर्जत, सगळ्या जगाला पाठ असलेल्या त्या शेवटाकडे. त्यांनी हात चटका बसल्यासारखे उचलले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांना मी धड दिसतही नव्हतो. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"कागदावर होतं ना," त्या म्हणाल्या, "म्हणून मी कधी पाठ केलं नाही."